मोठं वॉशिंग मशीन घेण्याआधी दोरी मोजा: घरातल्या कपड्यांची सिस्टिम मोबाइलच्या मदतीने कशी बसवायची

मागच्या पावसाळ्यात आई बारा दिवसांसाठी चिपळूणला मामाकडे गेली. मामाचं ऑपरेशन होतं, त्यामुळे परत कधी येतेस असं विचारायचीही सोय नव्हती. डोंबिवलीच्या घरात मागे उरलो बाबा, दादा, वहिनी, दुसरीतली पुतणी आणि मी. शिवाय साडेसहा किलोचं टॉप लोड मशीन. चौथ्या दिवशी दादा ओलसर शर्टवर इस्त्री फिरवून लोकलला पळाला. पुतणीचा पीटीचा पांढरा ड्रेस रात्रभर मशीनमध्येच राहून कुबट झाला. मला ऐरोलीच्या ऑफिसात दिवाळीचा कुर्ता घालून जावं लागलं. त्या संध्याकाळी दादा मोबाइलवर नऊ किलोच्या मशीनचे ईएमआय बघत बसला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टिम हळू चालत असेल तर लगेच मोठा सर्व्हर घ्यायचा नसतो, आधी अडतंय कुठे ते बघायचं असतं, हे मी ऑफिसात रोज बोलतो. तेच घरी बोललो तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, मग बघा ना, नुसतं बोलताय काय?" त्यानंतर केलेली मोजणी आणि बसवलेली पद्धत इथे लिहितोय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वन किंवा टू बीएचकेमध्ये चार-सहा माणसं राहत असतील तर आकडे थोडेफार बदलतील, हिशोब हाच राहील.

आधी आठवडाभर मोजा

प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला काटा असतो ना, तो घ्या. धुवायला टाकायचे कपडे पिशवीत भरून वजन करा आणि गुगल कीपच्या एका नोटमध्ये लिहीत जा. नोटमध्ये घरातल्या इतरांना कोलॅबरेटर म्हणून जोडलं की कुणीही आकडा टाकू शकतं. आमचा आठवड्याचा आकडा आला २४ किलो, चादरी-टॉवेल धरून. आई असली की त्यात दोन-तीन किलोंची भर.

साडेसहा किलो ही कोरड्या कपड्यांची कमाल क्षमता असते. मिश्र कपडे चारेक किलोच टाकले तर नीट घुसळतात आणि नीट धुतले जातात. म्हणजे २४ किलोंसाठी आठवड्यात सहा वेळा मशीन. एका वेळेला साधारण तास धरला तर ६ तास. आठवड्याचे तास १६८. आमचं मशीन १६२ तास रिकामं उभं होतं, आणि आम्ही त्याच्यापेक्षा मोठं मशीन घ्यायला निघालो होतो!

मग अडतंय कुठे? दोरीवर

१९६१ मध्ये जॉन लिटल यांनी रांगांच्या गणितातला एक साधा नियम सिद्ध केला. सिस्टिममध्ये सरासरी किती वस्तू अडकून असतात? रोज येणाऱ्या वस्तू गुणिले प्रत्येक वस्तू आत राहण्याचा वेळ. बँकेची रांग असो की सर्व्हरवरच्या रिक्वेस्ट, हाच नियम लागू होतो. तो आपल्या गॅलरीतल्या दोरीलाही लागू होतो.

आमच्याकडे रोज सुमारे ३.४ किलो कपडे दोरीवर येतात. एप्रिलमध्ये ते अर्ध्या दिवसात वाळतात, म्हणजे दोरीवर सरासरी १.७ किलो. जुलैत वाळायला दोन दिवस लागतात, म्हणजे ६.८ किलो. आता दोरी मोजा. आमचा छताला टांगलेला पुलीवाला स्टँड आणि खिडकीजवळची दोरी मिळून १४ मीटर. मध्ये हवा खेळेल असं अंतर ठेवलं तर एक किलो कपड्यांना अडीच मीटर लागतात, म्हणून जागा साडेपाच किलोंची. उरलेला सव्वा किलो म्हणजे आमच्या डायनिंगच्या खुर्च्यांवर पसरलेले सॉक्स आणि बनियन.

जागा नाही म्हणून कपडे दाटीने घातले की वाळायला आणखी वेळ लागतो, मग दोरीवर आणखी कपडे साचतात. मशीन नऊ किलोचं असतं तर एवढंच झालं असतं की एकदम जास्त ओले कपडे बाहेर आले असते.

वाळण्याचा वेळ कमी करा

दोरी वाढवायला आमच्याकडे जागा नाही. घोडबंदर रोडच्या कितीतरी टॉवरमध्ये तर ग्रिलबाहेर कपडे टाकायलाच सोसायटीची मनाई असते. मग उरतो तो वाळायचा वेळ.

सगळ्यात स्वस्त उपाय मशीनवरच असतो: एक्स्ट्रा स्पिन. मी चार किलोंचा लोड धुतल्यावर पुन्हा तोलला, ६.१ किलो भरला. नुसतं स्पिन आणखी एकदा लावलं, ५.६ झाला. अर्धा लिटर पाणी गेलं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा लागते. ती एक तर हवेतून येते, नाहीतर ड्रायर असेल तर तुमच्या वीजबिलातून. तेच पाणी फिरवून काढायला याच्या किरकोळ अंशाएवढी वीज लागते. रेशीम, लोकरी आणि जरीच्या कपड्यांना मात्र दुसरं स्पिन नको.

दुसरा उपाय पंखा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत कारण कपड्याभोवतीची हवा आधीच ओली असते आणि ती तिथेच थांबून राहते. टेबल फॅन कपड्यांच्या रांगेला समांतर लावा, म्हणजे हवा प्रत्येक कपड्याच्या दोन्ही बाजूंनी जाते. समोरून लावला तर पहिलाच कपडा सगळा वारा खातो. ६० वॅटचा पंखा पाच तास चालला तर ०.३ युनिट. खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा, नाहीतर तीच ओली हवा घरात फिरत राहील.

दोन्ही मिळून आमचा वेळ दोन दिवसांवरून सव्वा दिवसावर आला. ३.४ गुणिले सव्वा, म्हणजे सव्वाचार किलो. दोरीवर मावतात. आई आल्यावरही मावतात. ईएमआयची टॅब दादाने त्याच रात्री बंद केली.

कुबट वासाबद्दलही सांगतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागे मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. कपडा वाळला तरी तो टिकून राहतो आणि पुन्हा भिजला की वाढतो. म्हणून वास आलेल्या कपड्यावर नुसतं फॅब्रिक कंडिशनर ओतून उपयोग होत नाही. कॉटनचे पांढरे कपडे असतील तर ६० अंशांच्या गरम पाण्यात किंवा ऑक्सिजन ब्लीचमध्ये भिजवून पुन्हा धुवा. धुणं झाल्यावर मशीनचं झाकण उघडं ठेवा.

पाणी: इथे वेळापत्रक आपलं नसतं

आमच्या मशीनचा आउटलेट पाइप मी एकदा २० लिटरच्या बादल्यांत सोडला. एका धुण्याला सहा बादल्या भरल्या. (बाबा म्हणाले, "इंजिनिअरिंगला एवढी फी भरली ती यासाठी?") सहा बादल्या म्हणजे १२० लिटर. कल्याण-डोंबिवलीत पाणी ठरावीक वेळेत येतं, आणि २७ गावांच्या पट्ट्यात टँकर काही नवीन नाही. त्यामुळे दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असल्याची सूचना आली की ती ताबडतोब कॅलेंडरमध्ये टाकायची. शेवटच्या खळबळण्याचं पाणी आम्ही अशा दिवसांत पिंपात धरून फ्लशला वापरतो.

टँकर किंवा बोअरचं पाणी जड असेल तर फेस येत नाही आणि कपडे कडक होतात. यावर बरेच जण शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर घेतात, पण तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र दाखवतो, जडपणा वेगळा दाखवत नाही. त्यासाठी हार्डनेस टेस्ट स्ट्रिप लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. पाणी दोनशेच्या बरंच वर असेल तर पावडर थोडी जास्त लागेल.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा एक वेगळाच त्रास: मशीन भरायला फार वेळ घेतं किंवा पाणी येत नाही असा एरर देतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. टाकी तुमच्या नळापासून तीनच मीटर वर असेल तर दाब ०.३ बार, आणि बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.३ ते ०.५ बार लिहिलेला असतो. मेकॅनिक बोलवायच्या आधी इनलेटची जाळी साफ करा, मग छोट्या प्रेशर पंपाचा विचार करा.

आईचा अल्गोरिदम

हे सगळं मोजूनही एक गोष्ट सुटत नव्हती. आज काय धुवायचं? आम्ही बास्केट भरली की धुवत होतो. तरी गुरुवारी पांढरा ड्रेस नाहीच.

शेवटी आईला फोन केला. "तू कसं ठरवतेस गं?"

"ठरवायचं काय त्यात? परवा कोणाला काय लागणार ते बघायचं. तुझ्या बाबांची ती जाड पँट दोन दिवस वाळत नाही, ती आधी टाकायची. टी-शर्ट काय, रात्री टाकला तरी चालतो."

याला आमच्याकडे डेडलाइन शेड्युलिंग म्हणतात, आणि मी ते कॉलेजात चाळीस मार्कांसाठी पाठ केलं होतं. आई गेली तीस वर्षं सहा माणसांचे युनिफॉर्म, शिफ्ट, लग्नकार्य आणि पाऊस डोक्यात ठेवून ते चालवत होती, आणि आम्हाला वाटायचं की कपडे मशीन धुतं.

तर आता हे आईच्या डोक्यातून बाहेर काढलं आहे. गुगल कॅलेंडरमध्ये 'कपडे' नावाचं वेगळं कॅलेंडर केलं. नवीन कॅलेंडर बनवणं आणि शेअर करणं कॉम्प्युटरच्या ब्राउझरवरून करा, नंतर ते सगळ्यांच्या फोनमध्ये दिसतं. त्यात कपडा कधी लागणार ते न टाकता मशीनमध्ये कधी पडला पाहिजे ते टाका. पीटी गुरुवारी असेल तर रिपीट होणारी नोंद मंगळवारची. पावसाळ्यात जीन्स तीन दिवस आधी. नवी गडद जीन्स वेगळी धुवा, कारण इंडिगोचा रंग धाग्याच्या आतपर्यंत मुरलेला नसतो, वरवर बसलेला असतो.

कपड्याच्या लेबलवरची चिन्हं सगळ्यांना कळतातच असं नाही: टबमधला आकडा म्हणजे पाण्याचं कमाल तापमान, टबमध्ये हात म्हणजे हाताने धुवा, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीतला एक ठिपका म्हणजे कमी गरम. अडलं तर गुगल लेन्स लावा.

स्मार्ट प्लग: उपयोगाचा, पण बघून

धुणं झालं तरी कपडे मशीनमध्ये पडून राहतात, हा आमचा मोठा दोष. त्यासाठी वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावला. मशीनचा वापर ५ वॅटच्या खाली गेला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज. पहिल्याच दिवशी बग निघाला: भिजवण्याच्या वेळेतही मोटर थांबते, मेसेज गेला, वहिनीने झाकण उघडलं तर आत पाणीच पाणी. आता वापर सलग १२ मिनिटं खाली राहिला तरच मेसेज जातो. तुमच्या मशीनचा सोक वेळ बघून हा आकडा ठरवा. स्वतः कोड लिहायचा नसेल तर प्लगच्या अ‍ॅपमधलं साधं नोटिफिकेशन पुरतं. नव्या मशीनमध्ये वायफाय असेल तर प्लग घेऊच नका.

घेत असाल तर १६ अँपिअरचा घ्या. फ्रंट लोडमधला हीटर एकटाच २००० वॅटच्या आसपास ओढतो. बहुतेक प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर चालतात. वीज जाऊन आली की प्लग पुन्हा चालू स्थितीत यावा, ही सेटिंगही तपासा.

प्लगमुळे कळलं की आमच्या हीटर नसलेल्या मशीनला एका धुण्याला ०.१५ युनिट लागतं. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. महिन्याला तीस धुणी धरली तरी आमची बचत साडेतीन रुपये. त्यासाठी वेळापत्रक बदलू नका. गरम पाण्याने धुणारं फ्रंट लोड असेल आणि एका धुण्याला युनिटभर वीज लागत असेल, तर मात्र हिशोब करून बघा. नवीन मशीन घेताना बीईईच्या स्टार लेबलवर किलोमागे लागणारी वीज आणि पाणी दोन्ही वाचा.

जे चाललं नाही

मी एक छोटं अ‍ॅप बनवलं होतं, प्रत्येक कपड्याच्या नोंदीसह. आठवडाभरात माझ्याशिवाय कुणी उघडलं नाही. बाबा कॅलेंडरही बघत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रुपवर आठवड्याची यादी सात दिवसांसाठी पिन केलेली असते आणि न्हाणीघराबाहेर तीन टब आहेत: पांढरा, रंगीत, आणि 'उद्याच हवं'. तिसऱ्या टबाचा गैरवापर सर्वांत जास्त मी करतो.

कामंही वाटली आहेत. रात्री मशीन लावणं माझं, वाळत घालणं दादाचं, घड्या बाबा आणि पुतणीच्या, सॉक्सच्या जोड्या लावायला तिला आवडतं. इस्त्रीवाल्याचा हिशोब वहिनीच्या फोनमध्ये.

आई परत आली तेव्हा दोरी रिकामी होती आणि खुर्च्यांवर माणसं बसली होती. तिने सगळं बघितलं, पिन केलेली यादी वाचली आणि म्हणाली, "शनिवारी चादरी लिहिल्यायत, पण त्या दिवशी पाणी येणार नाहीये ना?" कॅलेंडरमध्ये ती सूचना टाकायची राहून गेली होती.