देशमुख, गोपाळ हरि

(१८ फेब्रुवारी १८२३–९ ऑक्टोबर १८९२). अव्वल इंग्रजी अमदानीतील महाराष्ट्रीय विचारवंत, न्यायाधीश, इतिहासलेखक आणि मुंबई कायदेमंडळाचे सदस्य. ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने ते प्रसिद्ध आहेत. समाजसुधारक म्हणून त्यांचा लौकिक मुख्यतः शतपत्रांमुळे झाला. तथापि त्यांच्या नोकरीची जडणघडण इनामे, वतने आणि जमिनीवरील हक्क यांच्या कागदपत्रांत झाली, ही बाब त्यामानाने कमी लक्षात घेतली जाते. सरदारांच्या एजंटाच्या कचेरीतील भाषांतरकार, मुनसफ, इनाम कमिशनमधील अधिकारी, न्यायाधीश आणि अखेरीस कायदेमंडळाचे सदस्य असा त्यांचा प्रवास झाला. त्यांचा राजकीय विचार या अनुभवापासून वेगळा काढता येत नाही.

त्यांचा जन्म पुणे येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. कोकणातील देशमुखी वतनावरून देशमुख हे आडनाव रूढ झाले. वडील हरिपंत हे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत गोखले पडले आणि त्याच वर्षी पेशवाईची अखेर झाली. त्याबरोबर या घराण्याचे कारभारी स्थानही संपले. गोपाळरावांचे बालपण अशा रीतीने सत्ता गेलेल्या, पण तिच्या आठवणी ताज्या असलेल्या शहरात गेले.

त्या वेळच्या पुण्याची घडण येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. कसबा पेठ ही शहराची मूळ वस्ती. शिवकालातील लाल महाल आणि ग्रामदैवत कसबा गणपती ही स्थाने तीतच आहेत. पेशवाईत या मूळ वस्तीभोवती सदाशिव, नारायण, नाना इ. पेठा वाढल्या आणि सरदार, सावकार, कारकून व भिक्षुक यांचे वाडे उभे राहिले. यांतील अनेक घरांचा चरितार्थ शहरात पिकत नव्हता; तो दूरच्या खेड्यांतील इनाम जमिनी, मोकासे, वर्षासने आणि देवस्थानांची उत्पन्ने यांवर चाले. हुजूर दप्तरातील नोंद आणि घरातील सनद हा त्याचा आधार होता. राज्य बदलताच या आधाराचे पुढे काय होणार, हा पुण्यातील प्रतिष्ठित वर्गाच्या जीवनमरणाचा प्रश्न बनला.

माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी सातारा येथून काढलेल्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, वर्षासने आणि धर्मादाय संस्था यांचे संरक्षण करण्यात येईल, असे आश्वासन दिले होते. सरदारांना सामान्य न्यायालयांच्या कक्षेत न आणता त्यांच्यासाठी स्वतंत्र एजंट नेमण्यात आला आणि त्यांची प्रतिष्ठेनुसार तीन वर्गांत विभागणी करण्यात आली. या एजंटाच्या कचेरीत गोपाळराव १८४४ मध्ये भाषांतरकार म्हणून लागले. पुण्याच्या इंग्रजी शाळेत त्यांनी नुकतेच शिक्षण घेतले होते. सरदारांचे अर्ज, तक्रारी, वाटण्यांचे व कर्जाचे तंटे यांची कागदपत्रे मराठीतून इंग्रजीत नेण्याचे हे काम होते. जुन्या वैभवाची आतली बाजू पाहण्याची संधी त्यामुळे त्यांना ऐन तारुण्यात मिळाली. १८४६ मध्ये ते मुनसफीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे वाई येथे मुनसफ म्हणून काम करू लागले.

याच काळात, १८४८ ते १८५०च्या दरम्यान, त्यांनी मुंबईच्या प्रभाकर या साप्ताहिकात १०८ पत्रे लिहिली. हे पत्र भाऊ महाजन चालवीत. बालविवाह, विधवांची स्थिती, जातिभेद, निरर्थक कर्मकांड व आळस यांवर या पत्रांत कठोर टीका आहे. त्यांच्या टीकेचा रोख प्रामुख्याने ब्राह्मण आणि सरदार-जहागीरदार या दोन वर्गांवर होता. पूर्वजांच्या विद्येने वा पराक्रमाने मिळालेले उत्पन्न वंशजांनी विद्या वा पराक्रम यांवाचून उपभोगावे, हे त्यांना राज्य बुडण्याचे एक मुख्य कारण वाटे. इंग्रजी राज्याकडे ते ईश्वरी योजना म्हणून पाहत, परंतु ती कायमची मानीत नसत. लोक शहाणे झाले की ते आपला कारभार आपण मागतील, हा विचार त्यांनी १८५७ पूर्वीच मांडला. हिंदी लोकांच्या पार्लमेंटची कल्पनाही त्यांच्या लेखनात आढळते. १८४८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या नेटिव्ह जनरल लायब्ररीच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. पुढे हीच संस्था पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाऊ लागली. १८४९ मध्ये त्यांचा लक्ष्मीज्ञान हा अर्थशास्त्रविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. संपत्ती कशाने उत्पन्न होते आणि ती कोण निर्माण करतो, या प्रश्नांचा विचार मराठीत नव्यानेच सुरू होत असता हा ग्रंथ निघाला.

इनामांची चौकशी दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून सुरू झाली होती. १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने तिला कायद्याचे पाठबळ मिळाले आणि इनाम कमिशनची रीतसर स्थापना झाली. चौकशीची पद्धत धारकांना कठीण होती. हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी धारकावर होती आणि कमिशनच्या निर्णयाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागता येत नसे. अपील होई ते सरकारकडेच. ब्रिटिश अंमल सुरू होण्यापूर्वी ६० वर्षे अखंड वहिवाट आणि त्या वेळी मूळ धारकाच्या नातवाकडे वा त्याच्या पुरुषवंशजाकडे कबजा असल्यास इनाम पुरुषवंश चालेपर्यंत चालू ठेवण्याची तरतूद होती. धारकाने दाखविलेली सनद पेशवे दप्तरातील नोंदींशी ताडून पाहिली जाई. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट असूनही सनद हरवलेली, जळालेली वा कसरीने खाल्लेली असणे ही सामान्य गोष्ट होती. दुसरीकडे, बनावट सनदा आणि सरकारी जमिनीवर गुपचूप वाढविलेले कबजे यांची प्रकरणेही थोडी नव्हती. पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३५,००० लहानमोठ्या मिळकतींची चौकशी झाली आणि त्यांपैकी सुमारे ३/५ सरकारजमा झाल्या, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज इतिहासलेखनात नमूद आहे.

१८५०–६० या दशकाच्या उत्तरार्धात गोपाळराव या कमिशनमध्ये प्रथम दुय्यम साहाय्यक व नंतर साहाय्यक इनाम कमिशनर झाले. मोडी लिपी, पेशवेकालीन हिशेबपद्धती, वतनांची परिभाषा आणि इंग्रजी कायदा या सर्वांची जाण असलेले अधिकारी त्या वेळी फार थोडे होते. त्यामुळे ही निवड स्वाभाविक होती. तथापि या नेमणुकीने त्यांना कठीण जागी उभे केले. वंशपरंपरागत ऐतखाऊपणावर त्यांनी लेखणीने जो प्रहार केला होता, तोच आता सरकारी अधिकाराने करावयाचा होता. पण त्यातून मोकळा होणारा महसूल रयतेच्या शाळांकडे किंवा पाटबंधाऱ्यांकडे जाईल, अशी हमी नव्हती. तो परक्या सरकारच्या तिजोरीत जमा होणार होता. सामाजिक न्यायाचा युक्तिवाद आणि सरकारी महसुलाची गरज ही येथे एकाच वाटेने चालत होती. त्यांतील भेद इनाम गमावणाऱ्या कुटुंबाला जाणवण्यासारखा नव्हता.

या असंतोषाचे राजकीय परिणाम लवकरच दिसून आले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांना दत्तक घेण्यास परवानगी नाकारण्यात आली होती. मे १८५८ मध्ये त्यांनी उठाव केला. त्यात पोलिटिकल एजंट चार्ल्स मॅन्सन मारला गेला. मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनमध्ये अधिकारी होता. उठावानंतर सरकारने चौकशीचे धोरण सौम्य केले. १८६३ च्या दुसऱ्या अधिनियमाने, सनदांची चिकित्सा टाळून, आकाराच्या चौथाईइतका वार्षिक जुडीचा भरणा करणाऱ्या धारकास इनाम कायम करून देण्याची तडजोड स्वीकारण्यात आली. कमिशनचे काम त्यानंतर संपुष्टात आले. पुण्याच्या एलिएनेशन कचेरीत एकत्र राहिलेली दप्तरे मात्र इतिहाससंशोधनास उपकारक ठरली. १९३०–३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले.

कमिशननंतर गोपाळराव न्यायखात्यात परतले. अहमदाबाद येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. १८६७ मध्ये ते तेथे स्मॉल कॉज न्यायालयाचे न्यायाधीश झाले. प्रार्थना समाज, विधवाविवाहाचा प्रचार आणि गुजराती भाषेतील लोकशिक्षण या कार्यांत त्यांनी तेथे भाग घेतला. नासिक येथे संयुक्त न्यायाधीशाचे काम पाहून १८७९ मध्ये ते निवृत्त झाले. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली आणि पुढे त्यांची गणना पहिल्या वर्गाच्या सरदारांत केली. ज्या सरदारांचे अर्ज भाषांतरित करीत त्यांनी नोकरीस आरंभ केला, त्यांच्याच यादीत त्यांचे नाव गेले. मात्र ते वंशाने नव्हे, तर सेवेने.

१८८० मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. १८६१ च्या कौन्सिल अधिनियमानुसार असे सदस्य सरकारनियुक्त असत. त्यांना प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार नव्हता. गोपाळरावांच्या राजकारणाचे महत्त्व म्हणूनच त्यांच्या पदापेक्षा त्या काळातील लेखनात अधिक दिसते. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे व त्यांचा परिहार हा विषय त्यांनी १८७६ मध्येच हाती घेतला होता. लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा १८८३ मध्ये त्यांनी ग्रामरचना आणि स्थानिक स्वराज्यव्यवस्था या विषयांवर लेखन प्रसिद्ध केले. इनामाचा कागद तपासताना ज्या गावगाड्याची ओळख झाली होती, तोच आता त्यांच्या दृष्टीने स्वराज्याच्या शिक्षणाचे क्षेत्र बनला. जमिनीवरील हक्क कोणाचा, या प्रश्नाकडून गावाचा कारभार कोणाचा, या प्रश्नाकडे ते आले होते.

अखेरच्या पर्वात त्यांनी काही काळ रतलाम संस्थानचे दिवाणपद सांभाळले, लोकहितवादी हे नियतकालिक चालविले आणि विपुल इतिहासलेखन केले. पुणे येथे त्यांचे निधन झाले. प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर बोलण्याचा मर्यादित अधिकार कायदेमंडळाच्या सदस्यांना देणारा कौन्सिल अधिनियम त्याच वर्षी संमत झाला.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन दोन टोकांनी झाले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्यावर स्वजननिंदेचा ठपका ठेवला. उत्तरकालीन अभ्यासकांनी त्यांना आद्य समाजचिकित्सकाचा मान दिला. जमीनविषयक भूमिकेच्या बाबतीत दोन्ही मते अपुरी वाटतात. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेच्या आरंभीच्या नेतृत्वात सरदार व इनामदार यांचा भरणा होता. सरकारला जाब विचारण्याचे धैर्य ज्या वर्गांतून प्रथम संघटित झाले, त्यांत चौकशीची झळ लागलेला वर्गही होता, हे विसरता येत नाही. उलटपक्षी, हक्क जन्मावर नव्हे तर लोकोपयोगावर आधारलेला असावा, हे लोकहितवादींचे मूळ सूत्र काळाने मान्य केले. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राज्याच्या १९५२ च्या अधिनियमाने वैयक्तिक इनामे रद्द करण्यात आली. पण ती लोकनियुक्त विधिमंडळाने केली. इनाम कमिशनच्या निर्णयाला जी लोकसंमती लाभली नव्हती, ती या निर्णयाला लाभली. आणि अशा लोकसंमतीच्या राज्यकारभाराची अपेक्षा लोकहितवादींनीच शंभर वर्षांपूर्वी व्यक्त केली होती.