एका दिवसाचा ठराव

कंधार हे गाव राष्ट्रकूटांच्या काळापासून राज्यसत्तेच्या सहवासात वाढलेले आहे. त्याचा खंदकाने वेढलेला किल्ला आणि जगत्तुंग समुद्र या भव्य नावाचे ते तळे यांनी कितीतरी राजवटी येताना व जाताना पाहिल्या. परंतु दोन सभागृहांचे कायदेमंडळ ही वस्तू कंधारकरांच्या वाट्यास फार उशिरा आली. निजामाच्या अमदानीत प्रजेला जबाबदार असे कायदेमंडळच नव्हते. पुढे १९५२ साली हैदराबाद राज्याची १७५ सभासदांची विधानसभा निवडून आली, पण तिच्या जोडीला वरिष्ठ सभागृह नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा विधानसभेबरोबर विधानपरिषदही त्याच्या पदरी आली.

या परिषदेत सामान्य मतदाराने थेट निवडलेला सभासद नसतो. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी ३० विधानसभेकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, ७ पदवीधरांकडून व ७ शिक्षकांकडून भरल्या जातात, आणि उरलेले १२ सभासद राज्यपाल नेमतात. (शिक्षकांच्या या मतदारसंघात माध्यमिक शाळेच्या खालच्या गुरुजींना मत नाही, ज्याने मुळाक्षरे शिकविली तोच नेमका बाहेर राहिला!) खालच्या सभागृहात घाई झाली, तर येथे थंड डोक्याने फेरविचार व्हावा, ही या रचनेमागील कल्पना. ती कितपत खरी ठरते हे पाहावयाचे असेल, तर गुरुवार, दिनांक २७ जुलै १९७८ हा दिवस डोळ्यांपुढे आणावा.

त्या काळी विधिमंडळ मुंबईस अपोलो बंदराजवळच्या जुन्या इमारतीत भरत असे. मूळची ती खलाशांसाठी बांधलेली वास्तू. पुढे तेथे राज्याच्या पोलिस महासंचालकांचे कार्यालय आले. अवघ्या नऊ दिवसांपूर्वी वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. वयाची चाळिशीही त्यांनी गाठलेली नव्हती. परिषदेचे सभापतिपद होते रा. सू. गवई यांच्याकडे. अमरावती जिल्ह्यातून आलेले, रिपब्लिकन पक्षाचे, बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेले हे गृहस्थ त्या वर्षीच त्या आसनावर बसले होते. त्यापूर्वी दहा वर्षे ते उपसभापती होते. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव त्या दिवशी दोन्ही सभागृहांपुढे आला आणि दोन्ही सभागृहांनी तो एकमताने संमत केला.

ठराव संमत होण्याची रीत अगदी साधी आहे. ठराव मांडला जातो, त्यावर बोलणे होते, मग सभापती प्रश्न मतास टाकतात. अनुकूल असतील ते ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असतील ते ‘नाही’ म्हणतात. ‘नाही’ म्हणणारे कोणीच नसले म्हणजे मते मोजण्याचे कारण उरत नाही. एवढ्यावरून गावोगावही ‘नाही’ म्हणणारे कोणी उरले नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये.

बाबासाहेबांच्या नावाची ही मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती. मराठवाड्यात महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, हुशार मुलास हैदराबादची वाट धरावी लागे, अशा दिवसांत त्यांनी १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मिलिंद महाविद्यालय उभे केले. विद्यापीठ आले ते त्यानंतर आठ वर्षांनी. पंडित नेहरूंच्या हस्ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. दुसऱ्या बाजूसही सांगण्यासारखे काही होते. निजामाशी झुंजून मिळविलेल्या प्रदेशाचे नाव विद्यापीठाला आहे, ते पुसले जाऊ नये, असे मुक्तिसंग्रामातील गोविंदभाई श्रॉफ, अनंतराव भालेराव यांसारख्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे होते. पण जे मांडलेच जात नाही ते खोडायचे कसे? त्याची जागा सभागृहात होती. तेथे ते मांडले गेले असते, तर त्यास उत्तरही मिळाले असते, आणि ते उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून कंधारपर्यंत पोचले असते.

तसे घडले नाही. ठरावाची वार्ता पोचली आणि मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत आग भडकली. एस.टी.च्या गाड्या जळाल्या, पुलांची मोडतोड झाली, तारा तुटल्या. इतक्यावर भागते तर त्यास दंगा म्हणता आले असते. पण शेकडो खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे पेटविली गेली, माणसे रानावनातून शहराकडे पळाली. ४ ऑगस्ट रोजी नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांनी विद्यापीठाचे दार कधी पाहिले नाही, त्यांच्या झोपड्या विद्यापीठाच्या नावासाठी का जळाव्यात? खरे पाहता भांडण नावापुरते नव्हतेच. गावकीची कामे नाकारणारा, शिष्यवृत्तीवर शिकणारा, जमिनीच्या तुकड्यावर हक्क सांगणारा तरुण पुष्कळांच्या डोळ्यांत सलत होता. ठरावाने त्या रागास एक निमित्त मिळाले.

योगायोग असा की, त्याच ४ ऑगस्टला, १९२३ साली, मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून आपले चवदार तळे खुले केल्याचे ठरविलेही. पण प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहकाऱ्यांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली ती पाणी पिणाऱ्यांना. त्याच वर्षी बाबासाहेब स्वतः त्या कौन्सिलाचे सभासद झाले. ठराव आणि पाणवठा यांमधले अंतर किती असते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

ठराव ही शिफारस असते, कायदा नव्हे. विद्यापीठाचे नाव कायद्यात होते, आणि शिफारस अमलात आणणे सरकारच्या हाती होते. ते पाऊल थांबले. फेब्रुवारी १९८० मध्ये पवारांचे मंत्रिमंडळच बरखास्त झाले. त्यानंतर मुख्यमंत्री येत गेले आणि जात गेले. त्यांत निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर होते, नांदेडचे शंकरराव चव्हाणही होते. म्हणजे प्रश्न मराठवाड्याचा, मुख्यमंत्रीही मराठवाड्याचे, ठराव दोन्ही सभागृहांचा. तरी गाडे जागचे हलले नाही. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतराच्या मागणीसाठी आत्मदहन केले.

अखेर पवारच पुन्हा मुख्यमंत्री असताना, १४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, निर्णय जाहीर झाला. ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव आले. ‘नामांतर’ हा शब्द मागे पडून ‘नामविस्तार’ हा शब्द रूढ झाला. तडजोडीचा हा शब्द १९७८ च्या त्या गुरुवारी कोणा सभासदास सुचता, तर सोळा वर्षे वाचली असती काय? कदाचित नाही, गावातला राग शब्दांनी विझणारा नव्हता. पण वरिष्ठ सभागृह असते ते असे शब्द शोधण्यासाठीच.

कंधारच्या बाबतीत या कथेचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. केशवराव धोंडगे यांच्या संस्थेने तेथे काढलेल्या महाविद्यालयासह नांदेड जिल्ह्यातील सर्व महाविद्यालये तोवर औरंगाबादच्या विद्यापीठास जोडलेली होती. जानेवारीत त्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव मिळाले आणि आठ महिन्यांनी, मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ निघाले. कंधारची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. ज्या नावासाठी या जिल्ह्यात माणसे मारली गेली, ते नाव जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वाट्यास आले ते एवढ्या आठ महिन्यांपुरते. नव्या विद्यापीठास नाव दिले गेले स्वामी रामानंद तीर्थ यांचे, आणि ‘मराठवाडा’ हा शब्द त्याच्याही नावात आहे.