एकच सप्रेसर, अनेक कॅलिबर: निवड कशी करतात आणि भारतात कायदा काय म्हणतो?

काही दिवसांपूर्वी जळगाव एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका मित्राने व्हॉट्सॲपवर एक ड्रॉइंग पाठवलं. एक नळी आणि आत ओळीने बसणाऱ्या, मधोमध छिद्र असलेल्या वाट्या. गिऱ्हाईक म्हणालं होतं, "साफसफाईचा पार्ट आहे, सगळ्या साइजला चालतो, पाच नग करून द्या." मित्राचा प्रश्न एवढाच होता: "भाऊ, हे सायलेन्सर तर नाही ना?"

होतं. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे नीट मांडतो. सप्रेसर कसं काम करतं, एकच सप्रेसर अनेक कॅलिबरला कसं चालतं, आणि ज्या देशांत ते कायदेशीर आहे तिथे लोक निवड कशी करतात, हे आधी बघू. शेवटचा भाग कायद्याचा आहे. तो चुकवू नका.

सप्रेसर नक्की काय करतं?

काडतुसातली दारू जळली की प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो. गोळी बॅरलमधून बाहेर पडते आणि तिच्यामागे हा वायू एकदम मोकळा होतो. तोच मोठा धमाका. सोड्याची बाटली झटक्यात उघडली तर फस्सकन आवाज होतो, हळूहळू उघडली तर होत नाही. सप्रेसर हेच करतं. आतल्या बॅफलमुळे वायू अडतो, पसरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर येतो.

अमेरिकेच्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ साली याचं पेटंट घेतलं. गाडीच्या सायलेन्सरचं तत्त्वही हेच. 'सायलेन्सर' या नावामुळे मात्र गैरसमज होतो. रायफलचा आवाज साधारण १६० ते १७० डेसिबल असतो. चांगलं सप्रेसर त्यातले २० ते ३५ कमी करतं. म्हणजे उरतात १३० ते १४० च्या आसपास. सिनेमातला तो 'फुट्' आवाज विसरा. १४० डेसिबलच्या वरचा एक धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो, म्हणून शिकारी आणि नेमबाज ते मुख्यतः कान वाचवायला वापरतात.

दुसरा आवाज सप्रेसरच्या हातात नसतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली तर हवेत कडाका होतोच. ध्वनीचा वेग २० अंश तापमानात सेकंदाला ३४३ मीटर, आणि जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत सुमारे ३५८ मीटर. ५.५६ ची गोळी ९०० मीटरच्या आसपास जाते. त्यामुळे तो कडाका टळत नाही.

अनेक कॅलिबरचा प्रश्न येतो कुठून?

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने बॅरलच्या आतला व्यास. आपल्या लष्कराचंच उदाहरण घ्या. इन्सास ५.५६×४५ ची, एके-२०३ ७.६२×३९ ची आणि सिग ७१६ ७.६२×५१ ची. खानदेशात हा विषय परकाही नाही. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ ची काडतुसं बनतात. प्रत्येक रायफलला वेगळं सप्रेसर घेणं महाग पडतं, म्हणून 'एकच, पण सगळ्यांना चालणारं' ही कल्पना आली.

ठिबकच्या फिटिंगमध्ये मोठ्या पाइपला रिड्यूसर लावून लहान नळी जोडता येते. इथे मात्र एकच दिशा चालते: मोठ्या कॅलिबरचं सप्रेसर लहान कॅलिबरला चालू शकतं, लहानाचं मोठ्याला कधीच नाही. पण नुसता व्यास बघून भागत नाही.

निवडताना तपासायच्या चार गोष्टी

१. छिद्र. बॅफलचं छिद्र सगळ्यात जाड गोळीपेक्षा मोठं हवं. नावावर जाऊ नका. ७.६२×५१ ची गोळी साधारण ७.८ मिमी जाड असते आणि ७.६२×३९ ची ७.९ मिमी. नाव एकच, माप वेगळं. शिवाय मोठ्या छिद्राची किंमत मोजावी लागते. ५.५६ ची गोळी ५.७ मिमी असते. तिच्यासाठी ७.६२ चं सप्रेसर वापरलं, तर वायूला निसटायला साधारण पावणेदोन पट जागा मिळते. आवाज थोडा जास्त येतो. फरक सहसा काही डेसिबलचाच, पण असतो.

२. दाब. इथे बहुतेक जण फसतात. ५.५६ लहान दिसतं, पण त्याचा चेंबरमधला दाब सुमारे ४३० मेगापास्कल, म्हणजे ७.६२×३९ च्या सुमारे ३५५ पेक्षा बराच जास्त. त्यातून बॅरल आखूड असेल तर वायू तोंडाशी येताना दाब आणखी चढलेला असतो. म्हणून चांगली कंपनी कॅलिबरसोबत किमान बॅरल लांबीही लिहून देते. छिद्र बसतं, पण लांबी त्याहून कमी आहे? मग ते सप्रेसर त्या रायफलचं नाही.

३. जोडणी. प्रत्येक रायफलच्या तोंडाचे आटे वेगळे असतात. ५.५६ ला बहुधा १/२×२८, ७.६२×५१ ला ५/८×२४, तर एकेएम प्रकाराला एम१४×१ चे उलटे आटे. म्हणून बहुकॅलिबर सप्रेसरच्या मागे बदलता येणारा ॲडॅप्टर असतो. पण प्रत्येक ॲडॅप्टर म्हणजे चुकीला एक नवी जागा. सप्रेसर केसभर जरी वाकडं बसलं तरी गोळी बॅफलला घासते आणि सप्रेसर फुटू शकतं. दरवेळी बॅरलमध्ये सरळ दांडी घालून ती छिद्राच्या मधोमध येते का, हे बघतात.

४. मागे येणारा दाब आणि वजन. अडलेला वायू थोडा मागेही येतो. सेमी-ऑटो रायफलमध्ये तो डोळ्यावर येतो, यंत्रणा जास्त वेगाने चालते आणि भाग लवकर झिजतात. बोल्ट ॲक्शनमध्ये हा त्रास जवळपास नसतो. आणि मोठ्या कॅलिबरसाठी बनलेलं सप्रेसर जड असतं, हलक्या रायफलचा तोल बिघडवतं.

'सगळ्यांना चालतं' याला दोन अपवाद

- पॉइंट टू-टू: या काडतुसाचं उघडं शिसं आत साचत जातं. रायफलचं बंद, न उघडणारं सप्रेसर त्याने भरतं. त्याला उघडून साफ करता येणारंच लागतं.
- पिस्तूल: बऱ्याच पिस्तुलांचं बॅरल गोळी सुटताना झुकतं. टोकाला वजन आलं तर यंत्रणा अडते, म्हणून आत स्प्रिंगचा बूस्टर लागतो.

एकूण काय, सगळ्यात जाड गोळी आणि सगळ्यात आखूड बॅरल धरून निवड करायची. वापर बहुतेक एकाच कॅलिबरचा असेल, तर त्याच मापाचं घेतलेलं बरं.

आता कायदा

नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारीसाठी सप्रेसर सर्रास वापरतात. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी लागते. भारतातली स्थिती वेगळी आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २(१)(ई) मध्ये 'अग्निशस्त्रा'ची व्याख्या आहे. तिच्यात गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणीही धरली आहे. म्हणजे सप्रेसर हा सुटा भाग नाही, कायद्याच्या नजरेत ते स्वतःच अग्निशस्त्र आहे. सोबत बंदूक नसली तरीही. त्यातून निघणाऱ्या गोष्टी:

- विनापरवाना बाळगणं कलम ३ चा भंग आहे. बंदुकीचा परवाना आहे म्हणून सप्रेसर चालतं, असं नाही.
- परदेशी साइटवरून मागवणं म्हणजे शस्त्राची आयात. त्याला कलम १० खाली परवाना लागतो. पार्सलवर 'क्लीनिंग किट' लिहिलं म्हणून वस्तू बदलत नाही.
- विनापरवाना बनवणं कलम ५ चा भंग. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५(१) खाली किमान ७ वर्षं ते जन्मठेप.

शेवटचा मुद्दा लेथवाल्यांसाठी. चोपडा तालुक्याच्या सीमेवरचं उमर्टी हे नाव गावठी कट्ट्यांच्या बातम्यांमुळे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. अशा भागात 'मला काय माहीत, मी तर जॉबवर्क केलं' हे सांगणं पोलिसांसमोर फार टिकणार नाही. एअरगनसाठी आहे असं कुणी सांगितलं तरी स्वतःच ठरवू नका. व्याख्येत स्फोटकाबरोबर 'इतर प्रकारची ऊर्जा'ही आहे. जळगाव असो की धुळे, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत कामाला हात लावू नका.

नेमबाजी शिकणाऱ्यांचं काय? कान वाचवायला चांगले इअरमफ आणि आत इअरप्लग, दोन्ही एकदम वापरा. स्वस्त पडतं, परवाना लागत नाही आणि कुठल्याही कॅलिबरला चालतं.

मित्राने ऑर्डर घेतली नाही. ड्रॉइंग आणि चॅट मात्र डिलीट करू नकोस, असं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो ते घेऊन पोलीस ठाण्यात गेला. पाच नगांचा धंदा गेला, पण वर्कशॉप राहिलं.