खिडकीतील रेघ

संगणकाच्या पडद्यावरील खिडकीत एक सरळ रेघ काढणे ही आज क्षुल्लक गोष्ट वाटते. प्रोग्रॅम लिहिणारा विद्यार्थी दोन टोके सांगणारी एक आज्ञा लिहितो आणि रेघ उमटते. परंतु त्या एका आज्ञेमागे सुमारे दोन दशकांची खटपट आहे, आणि तिचा इतिहास विपुलतेचा नसून काटकसरीचा आहे. आपल्या देवनागरी अक्षराशीही त्याचे नाते असल्याने तो वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

१९६३ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येते, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु त्यांचे यंत्र प्रयोगशाळेतील होते. साध्या यंत्राने रेघ कशी काढावी, हा प्रश्न त्याच सुमारास आय. बी. एम. कंपनीतील जॅक ब्रेझनहॅम यांच्यापुढे होता. त्यांच्या आलेखयंत्राचे पेन ठराविक लहान पावलांनीच सरकत असे.

ही अडचण ठिपक्यांच्या रांगोळीवरून सहज ध्यानात येते. दहा घरे उजवीकडे आणि चार घरे वर जाणारी तिरपी रेघ बहुतेक ठिकाणी ठिपक्यांच्या मधूनच जाते. मग प्रत्येक पावलाला जवळचा ठिपका कोणता? भागाकार करून अपूर्णांक काढावे, तर त्या काळच्या यंत्रांना ते जड जाई. ब्रेझनहॅम यांनी खऱ्या रेघेतील आणि ठिपक्यांतील तफावतीची शिल्लक, जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, पुढे ओढत नेली. शिल्लक धन की ऋण एवढेच पाहायचे. पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीपलीकडे काही नाही. ही रीत १९६२ सालची. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८ ठिपके होते व प्रत्येक ठिपक्याची नोंद स्मृतीत होती. एकूण स्मृती १२८ किलोबाइट. तिचा जवळजवळ निम्मा भाग पडद्यासाठीच खर्ची पडे. याच केंद्रात एकमेकींवर ठेवता येणाऱ्या खिडक्या जन्मास आल्या.

१९७९ साली ॲपल कंपनीचे बिल ॲटकिन्सन यांनी हे काम पाहिले. झाकलेल्या खिडकीच्या उघड्या भागातही येथे चित्र काढले जाते, असा त्यांचा समज झाला. वस्तुतः तेथे तसे होत नव्हते. पण शक्य आहे असे मानूनच ते कामास लागले व त्यांनी ती युक्ती शोधून काढली! त्यांची ‘क्विकड्रॉ’ ही चित्रणप्रणाली १९८३ मध्ये ‘लिसा’ आणि १९८४ मध्ये ‘मॅकिंटॉश’ या संगणकांतून लोकांपर्यंत पोहोचली. वर्तुळासाठी वर्गमूळ काढणे मंद, म्हणून त्यांनी विषम संख्यांचा आधार घेतला. १ अधिक ३ म्हणजे ४, त्यात ५ मिळविले की ९, त्यात ७ मिळविले की १६: नुसत्या बेरजेतून वर्गसंख्या हाती येतात. ॲटकिन्सन ५ जून २०२५ रोजी निवर्तले. क्विकड्रॉची मूळ संहिता २०१० पासून अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयाने अभ्यासकांसाठी खुली ठेवली आहे.

या काटकसरीतून एक विलक्षण शिस्त जन्मली. मॅकिंटॉशची स्मृतीही १२८ किलोबाइटच होती. झाकल्या गेलेल्या प्रत्येक खिडकीचे चित्र सांभाळणे परवडणारे नव्हते. म्हणून ते सांभाळायचेच नाही, असे ठरले. वरची खिडकी बाजूला झाली की यंत्रणा प्रोग्रॅमला कळविते, ‘एवढा भाग पुन्हा रंगवा,’ आणि प्रोग्रॅम तो नव्याने काढून देतो. १९८५ च्या ‘विंडोज’मध्येही हाच करार होता. चित्र नव्हे, चित्राची कृती जपायची! मॅक ओएस एक्स (२००१) आणि विंडोज व्हिस्टा (२००७) यांपासून खिडक्यांची चित्रे स्मृतीत राहू लागली. तरी ‘सांगितले की पुन्हा काढा’ ही मूळ शिस्त प्रोग्रॅमरच्या कामातून गेलेली नाही.

आता आपल्या अक्षराकडे वळू. त्या काळी सर्रास वापरात असलेले पडदे ठराविक चौकोनांत तयार रोमन अक्षरेच दाखवीत. वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांना त्या चौकोनांत जागा नव्हती. आय. आय. टी. कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेल्या ‘जिस्ट’ तंत्राला यासाठी वेगळे कार्ड यंत्रात बसवावे लागे. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर हे एक चित्रच आहे असे मानून ठिपका न् ठिपका काढला जाऊ लागला, तेव्हा देवनागरी आणि रोमन एका पातळीवर आल्या. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपणांस याचे मोल अधिक सांगावयास नको.

म्हणून घरातील मुले संगणकावर पहिली रेघ काढतील, तेव्हा आज्ञा शिकवून थांबू नये असे आम्ही सुचवितो. चौकटीच्या वहीवर वरील दहा-चारची रेघ ठिपके भरून त्यांच्याकडून काढून घ्यावी. दोन, दोन, तीन, दोन, दोन अशा पायऱ्या पडतील. त्या का पडल्या, हे मूल विचारील. तेथून त्याचे खरे शिक्षण सुरू होईल.