शीतकगळती, मोटारीच्या इंजिनाच्या पुढील बाजूची

मोटारीच्या इंजिनाच्या ज्या टोकाला पट्टे आणि कप्प्या असतात त्या टोकाकडून शीतक, म्हणजे कूलंट, बाहेर येणे. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटचे घर, रेडिएटरच्या नळ्या आणि टायमिंगचे झाकण हे भाग तिथे इतक्या दाटीने बसलेले असतात की गळती आहे हे चटकन कळते, ती कुठून आहे हे कळायला मात्र चिकाटी लागते.

‘पुढची बाजू’ प्रत्येक गाडीत पुढेच असेल असे नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत इंजिन उभे बसवलेले होते. बॉनेट उघडले की रेडिएटर, त्यामागे पंखा आणि पंप सरळ दिसत. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवे असते. तिथे पट्ट्यांचे टोक चाकाच्या बाजूला तोंड करून असते आणि त्याची गळती चाकाच्या आतल्या बाजूला ठिबकते. शाळेची मुले नेणाऱ्या ईकोत आणि जुन्या ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर त्याच्या बराच पुढे असतो, म्हणून दोहोंमधल्या लांब नळ्याही तपासाव्या लागतात.

अशी गळती केव्हा उघडी पडते, हे आंबिवलीच्या उदाहरणावरून कळते. आंबिवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरचे, शहाड आणि टिटवाळा यांच्यामधले स्थानक. इथल्या गाडीला दोन टोकांची कामे करावी लागतात. शहाडच्या उड्डाणपुलावर ती रांगेत उभी राहते तेव्हा रेडिएटरला वारा फक्त पंख्याचा मिळतो. आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी मुरबाडवरून माळशेज किंवा पडघा-शहापूरवरून कसारा घाट चढते. महिनोन्‌महिने थेंबाथेंबाने चाललेली गळती अशाच दिवशी उघडी पडते. रेडिएटरचे टोपण साधारण ०·९ बारचा दाब धरून ठेवते (हा आकडा टोपणावरच छापलेला असतो), आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८° से.च्या आसपास उकळते. गळतीने दाब निघून गेला, तर सुमारे ६०० मी. उंचीवरच्या इगतपुरीत तेच पाणी ९८° से.लाच उकळू लागते. शीतक कमी झालेले असेल, तर गाडी घाटातच गरम होते.

निदानाचा पाया एकच आहे : थेंब पडतो ती जागा गळतीची जागा नव्हे. पट्टा फिरताना शीतक उडवतो, पंखा ते मागे ढकलतो, आणि उरलेले कडांवरून ओघळत सर्वांत खालच्या बोल्टवर येऊन लटकते. म्हणून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची. इंजिन पूर्ण थंड असताना तो भाग धुऊन कोरडा करावा, रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचे दाबमापक लावावे आणि टोपणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा, त्याहून जास्त नाही. पंधरा मिनिटे काटा जागेवर राहिला तर बाहेर गळती बहुधा नाही. काटा उतरला आणि बाहेर सगळे कोरडे, तर संशय हेड गॅस्केटवर किंवा केबिनमधल्या हीटरवर जातो. काही सांधे थंड असताना गळतात आणि तापल्यावर घट्ट होतात, काही याच्या उलट. त्यामुळे इंजिन चालवून, गरम झाल्यावर दुरून टॉर्च मारून पुन्हा पाहणे आवश्यक असते. उपकरण नसेल तर रात्रभर गाडीखाली पसरलेला पुठ्ठा बरेच काही सांगतो.

पंपाला, म्हणजे मेकॅनिकच्या बोलण्यातल्या ‘वॉटर बॉडी’ला, स्वतःचीच एक खूण दिलेली असते. तिच्या दांड्याच्या खाली एक बारीक भोक ठेवलेले असते. आतले सील झिजले की शीतक बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावे, यासाठी ते असते. भोकाभोवती पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी आणि खाली ताजा ओघळ दिसला तर पंप गेला असे समजावे. पट्टा काढून कप्पी हाताने हलवून पाहावी. ती डुगडुगत असेल किंवा फिरवताना खरखरत असेल तर शंका उरत नाही. ते भोक एम-सीलने बुजवणे हा गंभीर अपराध आहे, कारण मग शीतक बेअरिंगमध्येच जाते. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि झाकणाआड असतो. तिथे गळती झाकणाच्या खालच्या कडेला दिसते. अशा वेळी पंपासोबत बेल्ट आणि टेन्शनरही बदलावेत.

पंपावर दोष ठेवण्याआधी स्वस्त कारणे तपासावीत : सैल झालेली होसपाइपची क्लिप, थर्मोस्टॅटच्या घराची गॅस्केट, टोकाशी मऊ पडलेली नळी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा अॅल्युमिनियमशी असलेला सांधा. हे न पाहता वॉटर बॉडी बदलली, तर गिऱ्हाइकाचे पैसेही जातात आणि गळतीही राहते.

गाडीखाली ठिबकणारे सगळेच शीतक नसते. दमट हवेत एसीच्या नळीतून भरपूर पाणी ठिबकते. ते स्वच्छ, बिनवासाचे आणि बोटांना न बुळबुळणारे असते. शीतकाला रंग आणि गोडसर वास असतो. क्रँकच्या पुढच्या सीलमधून येणारे तेल पाण्याने धुतले जात नाही.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती थांबवणारी पूड टाकण्याची आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. दोन्ही टाळावे. पूड बारीक नलिका बुजवते, आणि थर्मोस्टॅट नसलेले इंजिन तापायला वेळ घेते व जास्त इंधन खाते. बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचतात, नळाच्या पाण्यातले क्लोराइड अॅल्युमिनियम खाते. ऊर्ध्वपातित पाणी आणि ग्लायकोल निम्मे-निम्मे, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले मिश्रण, एवढेच घालावे.

गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. दाबाखालचे शीतक उसळून तोंड-हात भाजतात. सांडलेले शीतक गल्लीत तसेच सोडू नका, गटारातही ओतू नका. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि थोडेसे पोटात गेले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. भुसा किंवा कोरडी माती टाकून ते शोषून घ्या, भरून बाजूला करा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा.