पॉपकॉर्नच्या मशीनमध्ये कॉफी: तापमान मोजण्याची एक छोटी गोष्ट

आज कॉफीबद्दल बोलूया. कपातल्या नाही, भाजायच्या.

कॉफीचं कच्चं बी हिरवट असतं. त्याला आपण ओळखतो तो कॉफीचा वास नसतो. तो भाजल्यावरच येतो. अमेरिकेत १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत हे भाजणं बहुतेक घरीच व्हायचं, चुलीवर, तव्यात. थर्मामीटर कुठला? आपल्याकडे शेंगदाणे भाजताना जसं चालतं तसंच: रंग बघा, वास घ्या, तडतड ऐका.

मग हे काम घराबाहेर गेलं कसं? १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने अशा रोस्टरचं पेटंट घेतलं, ज्याचा ड्रम विस्तवावरून न हलवता बिया बाहेर काढता यायच्या. पुढच्याच वर्षी पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेली कॉफी पाकिटात विकायला सुरुवात केली. त्याची १८७२ची एक जाहिरात फार बोलकी आहे. चुलीपुढे एक बाई हताश, कॉफी पुन्हा करपली म्हणून. शेजारीण तिला सांगते, आर्बकलची घे, कटकट मिटेल. म्हणजे कारखाना काय विकत होता? खात्री! दर वेळी तीच चव.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १९७६ मध्ये मायकेल सिव्हेट्झ या अमेरिकन केमिकल इंजिनिअरला गरम हवेच्या झोतावर बिया तरंगत ठेवून भाजणाऱ्या रोस्टरचं पेटंट मिळालं. त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत गरम हवेवर चालणारी घरगुती पॉपकॉर्न मशीन्स आली. तत्त्व तेच, फक्त आकार छोटा. हौशी लोकांनी मक्याऐवजी हिरव्या बिया टाकल्या आणि पाच-आठ मिनिटांत कॉफी तयार!

पण इथे एक गोची होती. बी साधारण १९६ ते २०५ अंश सेल्सिअसला पहिल्यांदा तडकतं, आणि २२५च्या आसपास दुसऱ्यांदा. या दोन्हींच्या मध्ये कधी कधी दोन-तीन मिनिटंच मिळतात. त्यात पंख्याची घरघर इतकी, की तडतड नीट ऐकूच येत नाही. बिया गरगर फिरत असतात, रंग बघायचा कसा? आजीची तिन्ही साधनं इथे कमी पडतात.

उत्तर होतं १८२१चं. जर्मन शास्त्रज्ञ थॉमस सीबेकला दिसलं, की दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले, की जवळची होकायंत्राची सुई हलते. हीच थर्मोकपलची सुरुवात. आजच्या के-टाइप थर्मोकपलमध्ये २०० अंशांना सुमारे ८ मिलिव्होल्ट मिळतात, तेही दुसरं टोक शून्य अंशावर असेल तर. म्हणजे अगदीच चिमूटभर. ते वाचायला पूर्वी महाग उपकरण लागायचं. आता मॅक्स-६६७५सारखी छोटी चिप पाव अंशाच्या टप्प्याने आकडा देते. तो आर्डुइनोला द्या, लॅपटॉपवर आर्टिसन नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लावा, की तापमानाचा आलेख समोर!

आता खरा मुद्दा. हा आकडा म्हणजे बीचं खरं तापमान नव्हे. प्रोबला बियाही लागतात आणि गरम हवाही. प्रोब जाड असेल तर आकडा मागे रेंगाळतो. त्यामुळे माझ्याकडचं १९८ म्हणजे तुमच्याकडचं कदाचित २०५. दुसऱ्याचा आकडा कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पण प्रोब त्याच जागी ठेवला, तर कालचा आलेख आणि आजचा आलेख ताडून बघता येतो. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हा लॉग आहे. काय बिघडलं आणि नेमकं कितव्या मिनिटाला, ते कळतं. आर्बकल जी खात्री पाकिटात भरून विकायचा, ती आता घरी नोंदवता येते.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. मशीनमध्ये बदल करणारे पंखा आणि हीटर वेगळे करतात, म्हणजे उष्णता हवी तशी कमी-जास्त करता येते. पण पंखा बंद पडला आणि हीटर चालूच राहिला, तर थेट आग लागू शकते. काही जण मधला थर्मल फ्यूजही काढून टाकतात, कारण तो भाजणं मध्येच तोडतो. ते करू नका. थर्मोकपल फक्त सांगतो, थांबवत नाही. आणि मेन्सच्या वायरिंगचा अनुभव नसेल, तर मशीन उघडूच नका.

आणि हो, आलेख कितीही सुंदर आला तरी शेवटचा निकाल जिभेचाच. भेटूया पुढच्या भागात!