पार्किन्सन्सची गोळी रोज घेऊनही रात्री झोप का लागत नाही?

रात्रीचे अडीच वाजलेत. शेतीची लाईट रात्रीची आहे म्हणून मुलगा उसाला पाणी द्यायला गेलाय. घरात पार्किन्सन्स झालेले वडील टक्क जागे. लघवीला जायचंय, पण कूस बदलता येत नाही. हाक मारावी तर आजाराने आवाजही बारीक झालाय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीवर दिसेल असं हे चित्र. सकाळी घरचे म्हणतात, "वय झालं की झोप कमी होतेच."

वयाचा भाग असेलही. पण बऱ्याचदा गडबड असते ती गोळीच्या वेळांमध्ये.

आधी गोळीचं गणित समजून घेऊ

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामाइन हे रसायन कमी होत जातं. ते भरून काढण्यासाठी लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्र गोळी देतात. आपल्याकडे 'सिंडोपा' हे नाव अनेकांच्या कानावरून गेलेलं असतं. यातला लेव्होडोपा शरीरात फार वेळ टिकत नाही. साधारण दीड तासात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. आजार नवा असताना मेंदू स्वतःच थोडा साठा करून ठेवतो, त्यामुळे हे जाणवत नाही. काही वर्षांनी तो साठा संपतो आणि एका गोळीचा असर तीन-चार तासांवर येतो.

आता चिठ्ठीवर '१-१-१' लिहिलेलं असतं. आपण त्याचा अर्थ काय घेतो? नाश्ता, जेवण, जेवण. म्हणजे सकाळी ८, दुपारी १ आणि संध्याकाळी ७. शेवटच्या गोळीपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गोळीपर्यंत १३ तास जातात. गोळी चालणार चार तास, म्हणजे रात्री ११ नंतर माणूस औषधाविना. मग अंग लाकडासारखं होणं, कूस न वळणं, पहाटे पायाची बोटं वाकडी होऊन कळ येणं हे सगळं सुरू होतं. आपल्याला वाटतं झोप नाही. खरं तर औषध उतरलेलं असतं.

यावर डॉक्टर शेवटच्या गोळीची वेळ पुढे नेतात किंवा झोपताना हळूहळू विरघळणारी 'सीआर' गोळी देतात. ही सीआर गोळी कुटून किंवा चावून घ्यायची नाही, नाहीतर तिचा हळूहळू असर होण्याचा उपयोगच जातो. गिळताना त्रास होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, खलबत्ता काढू नका.

दुधाचा ग्लास आडवा येतो

आपला जिल्हा दुधाचा. रात्री ग्लासभर दूध पिऊन झोपायची सवय घरोघरी. त्याच दुधाबरोबर गोळी घेतली की घोळ होतो, कारण प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जाताना एकाच दाराने जातात. दूध, पनीर, मटण, डाळ बरोबर असेल तर गोळी मागे राहते. म्हणून साधारण नियम असा की, गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर. मळमळ होत असेल तर सोबत बिस्किट किंवा भाकरीचा चतकोर चालतो. दूध बंद करायचं नाही, फक्त वेळ वेगळी ठेवायची. लोहाची गोळीही लेव्होडोपाबरोबर नको.

एकादशीच्या उपवासात किंवा सप्ताहातल्या जागरात गोळी चुकवणं हा प्रकारही सर्रास चालतो. उपवास पोटाचा असतो, गोळीचा नाही.

प्रत्येक वेळी औषध कमी पडतंय असं नसतं

उलटही होतं. अमँटाडिन आणि सेलेजिलिन ही औषधं झोप उडवतात. त्यामुळे ती सहसा सकाळी आणि दुपारी देतात. तुमच्याकडे यातली एखादी रात्री घेतली जात असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा. प्रॅमिपेक्सॉल आणि रोपिनिरोलमुळे दिवसा अचानक डुलकी लागू शकते. अशा माणसाने मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवणं धोक्याचं. आणि दिवसभर झोप झाली की रात्र जागीच जाते, हे वेगळं सांगायला नको.

झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं, शेजारी झोपलेल्याला बुक्के बसणं हा मात्र वेगळा विषय. स्वप्न पडताना शरीर सैल राहायला हवं, ते पार्किन्सन्समध्ये राहत नाही. कधी कधी हा त्रास हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतो. गावाकडे याला 'बाहेरचं' समजून अंगारा लावला जातो. त्यापेक्षा खाट खाली घ्या, जवळची कोयता-विळी उचला आणि डॉक्टरांना सांगा. यावर उपचार आहेत.

मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणू का?

नको. पार्किन्सन्समध्ये तोल आधीच गेलेला असतो, उठून उभं राहिल्यावर बीपी पडतो. त्यात झोपेच्या गोळीची गुंगी आली की अंधारात बाथरूमला जाताना पडणं आणि खुबा मोडणं फार दूर नसतं. आणखी एक, खाजकुइलीच्या बियांमध्ये नैसर्गिक लेव्होडोपा असतो. म्हणून कुणी दिलेलं चूर्ण गोळ्यांबरोबर परस्पर सुरू केलं तर डोस नकळत वाढतो. आणि वैतागून लेव्होडोपा एकदम बंद करणं तर जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय?

अकोले किंवा जामखेडहून न्यूरोलॉजिस्टकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि समोर बसायला मिळतात दहा मिनिटं. त्यात "झोप लागत नाही" एवढंच सांगितलं तर हाती झोपेची गोळी येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून जाण्याआधी चार दिवस वहीत लिहा: गोळी किती वाजता घेतली, जेवण कधी, अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं, रात्री किती वेळा उठले आणि का. जागं असताना कूस वळत होती का, हे जरूर लिहा. एवढ्यावरून डॉक्टरांना कळतं की औषध कमी पडतंय, जास्त होतंय की चुकीच्या वेळी जातंय. वेळा आणि डोस बदलायचा तो त्यांनीच.

गोळीच्या वेळांचे मोबाइलमध्ये अलार्म लावा. प्रवासाच्या दिवशी गोळ्या पिशवीत नाही, खिशात ठेवा. पुण्यातलं 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' आणि मुंबईची 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' या संस्था रुग्ण आणि घरच्यांसोबत काम करतात, त्यांच्याशी बोलता येतं.

आणि वडिलांना दुसऱ्या कशासाठी दवाखान्यात ॲडमिट केलं, तर पहिल्याच दिवशी नर्सताईंना गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून द्या. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा रात्री बरळतात म्हणून हॅलोपेरिडॉल देण्याआधी पार्किन्सन्स असल्याचं सांगा. ही दोन्ही औषधं डोपामाइनचंच काम अडवतात.